थाळीला दचकली होती

शालनच्या शाळेतल्या बाईंनी मला सांगितलं, तुम्ही लिहा, नव्या आयांना उपयोग होईल, फक्त जरा धीर येईल असं लिहा. मी सातवी फायनल पास आहे, लिहायला मला अडचण नाही. धीर देण्याची मात्र आहे. माझ्या मुलीची पहिली तीन वर्षं ज्यांनी ज्यांनी वाया घालवली ते सगळे मला धीरच देत होते. धीर देणाऱ्या माणसाला दुसरं काही करावं लागत नाही, चहा पिऊन उठलं की झालं.

तर ज्यांच्या घरात तान्हं मूल आहे त्यांनी हे वाचावं. बाकीच्यांनी आपापली कामं करावीत.

थाळी

माझं सासर तासगाव तालुक्यातलं. ऊस आहे, द्राक्षाचा नवा बाग आहे, मालक फौजेत हवालदार. माहेर म्हसवडजवळचं. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी तिकडं. शालन झाली ते दुष्काळाचं वर्ष. बायाबापड्या रस्त्यावर खडी फोडत होत्या, आमची सुईणही खडीवरूनच उठून आली, पदराला धूळ तशीच.

दिवस राहिल्यावर तिसऱ्या महिन्यात मला तीन दिवस ताप आला होता आणि अंगभर बारीक पुरळ उठलं होतं. गावातल्या वैद्यानं उष्णता म्हटलं आणि सब्जा दिला. पुढं मिरजेच्या डॉक्टरांनी त्या तापाबद्दल खोदून खोदून विचारलं तेव्हा मला त्या सब्जाची चव आठवली. एवढंच त्याबद्दल सांगते.

मूल जन्मलं की आमच्याकडं त्याच्या डोक्याशी काशाची थाळी वाजवतात. पुढं ते आवाजाला भिऊ नये म्हणून. आणि थाळीला मूल दचकलं की त्याचे कान शाबूत, असाही अर्थ लावतात. एका थाळीत दोन कामं. माझ्या आईनं थाळी बाजेच्या लाकडाला टेकवली आणि वर लाटणं हाणलं. शालननं दोन्ही हात वर फेकले आणि रडायला लागली. सुईण म्हणाली, कान झ्याक हायत. आईनं सासरी पत्र धाडलं, त्यात मुलगी झाली हे एका ओळीत होतं आणि मूल थाळीला दचकलं हे दोन ओळींत. मुलगीच झाली आहे, निदान धडधाकट तरी आहे, असा त्या पत्राचा सूर होता.

बाराव्या दिवशी बारशाला नणंद आली, तिनं रीतीप्रमाणं कानात कुर्रर्र केलं आणि नाव सांगितलं. शालन. ते नाव तिला सोडून सगळ्या गावानं ऐकलं.

गरीब पोर

सासरी आल्यावर शालनचं कौतुक सुरू झालं ते असं, की पोर किती गरीब आहे. भांडी आदळली तरी झोपलेली. कुत्री भांडली तरी झोपलेली. बँड वाजत वरात दारावरून गेली तरी झोपलेली. सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या, असलं शांत मूल आमच्या घराण्यात झालं नव्हतं. आणि मी फुगायची. शेजारणीचं पोर रात्रंदिवस किंचाळायचं, तर मी तिला वर पथ्यपाणी सांगायला जायची, की खाण्यात वांगं कमी करा. मला आज माझी जितकी लाज वाटते तितकी कुणाचीच वाटत नाही.

मुलगी हुशार होती, हेही फसायला कारण झालं. कोणी माडीच्या जिन्यावर पाय टाकला की ती वळायची, कारण ती त्याच जिन्याच्या पायरीवर बसलेली असायची. दारात कोणी आलं की वळायची, कारण उजेड बदलायचा. माझ्या तोंडाकडं तर ती सारखी बघायची. मी दाराकडं पाहिलं की ती दाराकडं बघणार, मी गोठ्याकडं पाहिलं की ती गोठ्याकडं. लोक म्हणायचे, आईवेडी आहे. माझंही तेच मत होतं.

दीड वर्ष झालं तरी ती बोलेना. मग शहाणपणाला पूर आला. कुणी सांगितलं जिभेवर वेखंड उगाळून लावा. लावलं, तिची जीभ भाजली. कुणी सांगितलं पोपटानं टोचलेला पेरू चारा. माझे दीर आठ दिवस पेरूच्या झाडाखाली पोपटाची वाट बघत बसले, इतका वेळ ते द्राक्षाच्या बागेत बसले असते तर बाग सुधारला असता. एका बाईनं मला आडून विचारलं, पोटुशी असताना गिऱ्हाणात काही चिरलं होतं का. मी म्हटलं, हो, दोडका. ती समाधानानं घरी गेली.

आणि सगळ्यांच्या वर सासूबाईंचं पालुपद. कानाचा विषय कुणी काढायच्या आत त्या म्हणायच्या, "कानाला काय झालंय? थाळीला दचकली व्हती."

ट्रॅक्टर

बहिरी हा शब्द पहिल्यांदा ज्यानं उच्चारला त्याचं नावही मला ठाऊक नाही. उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर आमच्या बोळातून चालला होता. शालन बोळाच्या मधोमध पाठ करून खडे मांडत बसली होती. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी दारातून बघत होते आणि मनात म्हणत होते, उठेल आता, उठेल. माझी मती तेव्हा कुठं चरायला गेली होती देव जाणे. शेवटी त्यानं करकचून ब्रेक मारला, ऊस त्याच्या डोक्यावरून पुढं सांडला. तेव्हा जमीन हादरली आणि शालननं मागं वळून चाकाकडं पाहिलं.

ड्रायव्हर खाली उतरला. मला वाटलं शिव्या देईल. तो घामाघूम झाला होता. "बाई," तो म्हणाला, "पोर बहिरी हाय व्हय?"

मी त्याला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. त्या माणसानं माझ्या मुलीचा जीव वाचवला होता आणि एका वाक्यात खरं सांगितलं होतं. त्याबद्दल त्याला आमच्या बोळात उभ्या उभ्या शिव्या खाव्या लागल्या. घरात आल्यावर मी शालनच्या पाठीमागं उभी राहून तिला हाक मारली. मग मोठ्यानं मारली. मग तिनं सहज मागं पाहिलं आणि हसली, आणि मी स्वतःला सांगितलं, बघ, ऐकलं तिनं.

पहिला डॉक्टर

तरी मी तिला सांगलीला नेलं. एसटीनं, दिरांबरोबर. डॉक्टर मोठे होते, निदान त्यांची खुर्ची मोठी होती. त्यांनी शालनला माझ्या मांडीवर बसवायला सांगितलं, स्वतः माझ्या मागं जाऊन उभे राहिले आणि जोरात टाळी वाजवली. शालननं वळून पाहिलं. मग त्यांनी टेबलावर पेन आपटलं. तिनं वळून पाहिलं. संपली तपासणी. मी येताना बसमध्ये यापेक्षा जास्त वेळ तिकिटाच्या मोडीची वाट बघितली होती.

"कान उत्तम आहेत," ते म्हणाले. "बोलेल. लाड कमी करा."

मी त्यांच्या पाया पडले. हे मुद्दाम लिहिते आहे.

आता घरात दोन दाखले झाले, एक थाळीचा आणि एक सांगलीचा. लाड कमी करण्याचं काम सासूबाईंनी अंगावर घेतलं. पाणी मागायला शालन नुसतं बोट दाखवायची, तर तोंडानं मागितल्याशिवाय पाणी द्यायचं नाही असं ठरलं. उन्हाळ्यात दोन-अडीच वर्षांचं मूल रांजणापुढं उभं राहून रडायचं आणि आम्ही दोन बाया, एक म्हातारी आणि एक तरणी, तिला म्हणायचो, म्हण पाणी. म्हण पाणी. ती आमच्या ओठांकडं बघायची आणि आपले ओठ तसेच हलवायची, बिनआवाजाचे. आम्ही म्हणायचो, बघा, किती हट्टी आहे, येतं पण म्हणत नाही.

असं दहा महिने चाललं. ज्या आया हे वाचत असतील त्यांनी माझी कीव करू नये. मला ती नको आहे.

म्हैस वळली

हे सुट्टीवर आले ते दिवाळीत. शालनला त्यांनी तान्ही असताना एकदाच पाहिलं होतं. ट्रंक डोक्यावर घेऊन परड्याच्या बाजूनं आले. शालन गोठ्याच्या तोंडाशी पाठमोरी उभी राहून म्हशीला वैरण घालत होती. त्यांनी ट्रंक खाली ठेवली आणि परेडच्या आवाजात हाक मारली, शालन. म्हैस वळली. शेजारची दोन माणसं वळली. शालन वळली नाही.

त्यांनी दोनदा हाक मारली नाही. घरात आले, पाणीसुद्धा न घेता म्हणाले, "ह्या पोरीला ऐकू येत न्हाई."

सासूबाई म्हणाल्या, थाळीला दचकली होती. दीर म्हणाले, सांगलीच्या डॉक्टरांनी पाहिलंय. मी म्हणाले, ती हट्टी आहे. आम्ही तिघं एका बाजूला आणि ज्यानं मुलीला धड पाहिलंही नव्हतं तो माणूस एका बाजूला, आणि खरं त्याचं होतं. त्यांनी वाद घातला नाही. फौजेतल्या माणसाचं एक बरं असतं, त्याला सुट्टी मोजकी असते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आम्ही मिरजेला गेलो.

मांडी

मिरजेला एका मोठ्या दवाखान्यात आम्ही तीन दिवस खेपा घातल्या. सकाळी नंबर लावायचा, व्हरांड्यातल्या बाकावर बसायचं, दुपारी डबा खायचा, पुन्हा बाकावर बसायचं. बाकावरच्या बायका एकमेकींच्या मुलांचे आजार विचारायच्या आणि आपलं जरा बरं आहे असं दिसलं की मायेनं बोलायच्या. मीही तेच केलं. एका बाईचं मूल टाळूला भोक घेऊन जन्मलं होतं, तिला मी आमच्या डब्यातली चकली दिली आणि माझं मन हलकं झालं. दवाखान्यातली माया बरीचशी असली असते.

तिसऱ्या दिवशी एका वयस्कर सिस्टरनी शालनला बोलावलं. जाडजूड बाई, कर्नाटकाकडच्या, मराठी जरा अडखळत. एका टेबलावर त्यांनी लाकडी मणी ठेवले होते. मी सवयीनं खुर्चीवर बसले आणि शालनला मांडीवर घेतलं. सिस्टर मागं गेल्या, खुळखुळा वाजवला, शालन वळली. माझा जीव भांड्यात पडला. सिस्टरनी पुन्हा वाजवला, पण या खेपेला शालनकडं बघायच्या ऐवजी माझ्याकडं बघत होत्या.

मग त्या पुढं आल्या आणि म्हणाल्या, "बाई, तुम्ही बाहेर थांबा. पोरगी तुमचं अंग ऐकतीय."

मला कळलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं, आवाज झाला की तुम्ही हलता, थोडंसं, तुम्हाला समजतही नाही. मांडी हलते, तुमची मान वळते. ती तेवढ्यावर वळते.

मी बाहेर गेले आणि दाराच्या फटीतून पाहिलं. शालन जमिनीवर चटईवर बसून मणी ओवत होती. सिस्टर तिच्या मागं दोन हात अंतर सोडून उकिडव्या बसल्या, सावली पडू नये म्हणून खिडकीकडं तोंड करून. खुळखुळा वाजवला. शालननं मणी ओवला. कपात चमचा फिरवला. मणी ओवला. घंटा वाजवली, ती मला बाहेर व्हरांड्यात ऐकू आली, बाकावरचं एक मूल घंटेनं रडायला लागलं. शालननं मणी ओवला, दोरा वर धरून पाहिला आणि खूष झाली. शेवटी सिस्टरनी एक ढोलकं हातात उचलून जोरात वाजवलं. तेव्हा शालनचा हात थांबला. ती वळली नाही, नुसती थांबली.

माझ्या मागं हे उभे होते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, चारचौघांत, व्हरांड्यात. आमच्याकडं नवरे असं करत नाहीत.

डॉक्टर नंतर म्हणाले, फार थोडं ऐकू येतं, ढोलकाएवढं. ऐकायचं यंत्र लावू, शाळेत घाला. आणि विचारलं, इतके दिवस का थांबलात. मी म्हटलं, थांबलो नव्हतो, आणली होती, सांगलीला. आपण फसलो यापेक्षा कशानं फसलो ते मला जाळत होतं. त्या डॉक्टरला मी आजही तुच्छ समजते. पण त्याच्या खोलीत शालनला उत्तर सांगणारी मांडी माझी होती.

आपापल्या थाळ्या

घरी आल्यावर सासूबाईंनी पुन्हा थाळीचं काढलं. मला त्या क्षणी त्यांचा इतका संताप आला की मी भिंतीला उभी केलेली काशाची थाळी घेतली. शालन खाटेवर बसली होती. मी तिच्या मागं थाळी हवेत धरून हाणली. कबुतरं उडाली, शालन ढिम्म. मग थाळीची कड खाटेच्या लाकडाला टेकवून हाणली. शालन दचकली आणि माझ्याकडं रागानं पाहिलं.

मी सासूबाईंना म्हटलं, "आत्याबाई, बघितलं? लाकूड हललं म्हणून दचकती. आईनं बी तवा बाजंलाच टेकवली व्हती."

त्यांनी उठून खाटेच्या लाकडाला हात लावून पाहिला. मला वाटलं, आता काही तरी माणसासारखं बोलतील. त्या म्हणाल्या, "मंग तुज्या आईनं थाळी खाटंला का लावली?"

त्यानंतर आठवडाभर घरात कोण कुणावर ढकलतं याची शर्यत चालली. माझ्या माहेरचं माणदेशी रक्त, माझा ताप, माझ्या आईची थाळी. मुलाचं दुसरं लग्न हा विषयही परड्यात दबक्या आवाजात निघाला, आणि मुलगा मधल्या खोलीत असल्यामुळं त्याला तो ऐकू गेला. हे बाहेर आले आणि म्हणाले, आई, शालन ही माझी पोर हाय आणि ही माझी बायको, पुढचं बोलायचं असंल तर आत्ता बोल, सोमवारी मी निघालो. तो विषय पुन्हा निघाला नाही. माझ्या आईला मात्र मी थाळीचं कधीच सांगितलं नाही. तिचा हात दुखत असेल म्हणून तिनं ती बाजेला टेकवली असेल. तिला अजून वाटतं की शालनचे कान जन्मतः चांगले होते आणि मागून कुणाची तरी नजर लागली. राहू दे.

रेडिओ

यंत्र पुण्याहून आलं. पत्त्याच्या कॅटाएवढी पेटी, छातीवर कापडी पिशवीत बांधायची, तिच्यातून वायर कानात. सुरुवातीला शालन ते ओढून काढायची आणि माझ्या अंगावर फेकायची. गावात त्याचं नाव पडलं शालनचा रेडिओ. चावडीवर बसणारी चाळिशीतली माणसं तिला वाकून विचारायची, काय गं, किती विकेटी पडल्या. मुलं चिडवतात त्याचं काही नाही, मुलांना अक्कल कमी असते. या बाप्यांना कशाची कमी होती कोण जाणे.

मी सांगलीत एक खोली घेतली आणि तिला शाळेत घातलं. सासूबाई म्हणाल्या, मुक्या पोरीला शाळा. मी ते यंत्राच्या पिशवीची नाडी शिवत ऐकून घेतलं. शाळेतल्या बाईंनी मला शिकवलं की तिच्या तोंडासमोर बसून, उजेडात, सावकाश बोलायचं. रोज तेच. चमचा. पाणी. बूट. एकच शब्द शंभरदा. दीड वर्षानं तिचा पहिला शब्द आला. सगळ्या आया सांगतात, आई म्हणाली, बाबा म्हणाली. माझी मुलगी "नको" म्हणाली. तिला लावायला मी यंत्र पुढं केलं होतं. मी इतकी रडले की घरमालकीण धावत आली.

बाई सांगतात, आणखी दोन वर्षं आधी आली असती तर आज पुष्कळ बोलली असती. ही दोन वर्षं कुठं गेली ते मी वर लिहिलं आहे.

दुसरं

शालन सहा वर्षांची असताना मला मुलगा झाला, सांगलीलाच. नऊ महिने मी कुणाच्या लग्नाला गेले नाही, कुणाला ताप असलेल्या घरात पाऊल टाकलं नाही, आणि रात्री पोटावर हात ठेवून एकच गोष्ट मागितली. तो झाल्यावर मी कुणालाही काही वाजवू दिलं नाही. मिरजेच्या सिस्टर म्हणाल्या होत्या, तीन महिन्यांचा झाला की घेऊन या, तुम्ही बाहेर थांबायचं. मी तीन महिने थांबायला तयार होते. खरं सांगायचं तर मी भीत होते. ज्या बाईनं शंभर आयांना शहाणपण शिकवायला हे लिहायला घेतलं आहे, ती स्वतःच्या मुलामागं टाळी वाजवायला भीत होती.

एकविसाव्या दिवशी सासूबाई आल्या होत्या. मुलगा झोळीत झोपला होता. झोळी वर तुळईला बांधलेली, खाली फरशीला कुठं टेकत नव्हती. मला शालनला न्हाऊ घालायचं होतं म्हणून तिचं यंत्र काढून ठेवलेलं. ती पाण्यानं भरलेला तांब्या घेऊन येत होती आणि तो तिच्या हातातून निसटला. पितळेचा तांब्या, शहाबादी फरशी.

झोळी हलली. आतून दोन्ही हात वर आले आणि तो घसा फोडून रडला.

मी झोळीकडं पाहिलं, दोरीकडं पाहिलं, वर तुळईकडं पाहिलं, कुणीही कशाला हात लावला नव्हता. आणि मी हसले. मी आत्याबाईंना मिठी मारली, ज्यांना मी सात वर्षांत पाया पडण्यापलीकडं शिवले नव्हते. "ऐकू आलं," मी म्हणाले, "आत्याबाई, त्याला ऐकू आलं." त्या पदराला डोळे पुसायला लागल्या.

शालन पाण्यात उभी होती. आपल्याला मार बसणार असं तिला आधी वाटलं असावं, कारण ती अंग चोरून उभी होती. मग तिनं माझं तोंड पाहिलं. असं तोंड तिनं माझं आजवर पाहिलं नव्हतं, पाहणार कुठून. ती वाकली, तांब्या उचलला आणि पुन्हा खाली टाकला. बाळ पुन्हा किंचाळलं. ती बाळाकडं बघत नव्हती, माझ्याकडं बघत होती. मी हसते आहे हे पाहून तीही हसली आणि तिनं तिसऱ्यांदा तांब्या टाकला, आता दोन्ही हातांनी, जरा उंचावरून.

तांब्या पडला की आई खूष होते, एवढं तिला समजलं होतं. का होते, ते तिला सांगायला माझ्याकडं एकही शब्द नव्हता, आणि असता तरी मी तो तिच्या तोंडासमोर धरला नसता.

सासूबाई म्हणाल्या, "आगं, तिला आवर, लेकरू भ्यालंय." मी म्हटलं, असू दे. चौथ्यांदा तिनं तांब्या उचलला तेव्हा मी हसले, पण ते मला करून हसावं लागलं. तिला ते कळलं. माझ्या तोंडावरचं काही तिच्यापासून कधी लपलेलं नाही. तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा झोळीतल्या हातांकडं पाहिलं, आणि तांब्या हळूच खाली ठेवला.